वाड्याचे जुने गज 220 रुपये किलो, घ्यावेत का? मदत हवी आहे

धगधग_पुणे
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. पाडलेल्या एका वाड्याच्या खिडक्यांचे गज मिळतायत. माणूस म्हणतो अस्सल घडीव लोखंड आहे, पेशवेकालीन, 220 रुपये किलो, एक पैसा कमी होणार नाही. आमच्या गल्लीतला भंगारवाला लोखंड 30-35 नं घेतो, मग हे 220 आले कुठून? रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. ज्यांनी असा माल घेतलाय त्यांनी भाव सांगा. पुण्या-मुंबईत अजून कुठे मिळतं तेही सांगा. फोटो चढत नाहीयेत.

रविवारची_फेरी
मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, साखळदंड ढिगाने असतात. सकाळी लवकर जा, दहानंतर चांगला माल फिरवाफिरवीत गेलेला असतो.

आप्पा_वर्कशॉप
धागाकर्ते, गोल आहेत की चौकोनी? जाडी किती? एकूण माल किती? वाडा कुठल्या पेठेतला? आणि मुख्य म्हणजे करायचं काय आहे? हे काहीच न सांगता भाव कसा सांगणार?

सुगरण_ठाणे
आमच्या बंगल्याच्या गेटला रॉट आयर्नचं कोटेशन आलंय, रंगासकट 190 रुपये किलो. म्हणजे 220 जास्तच वाटतात. गंज लागू नये म्हणून आधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, मग रंग.

आप्पा_वर्कशॉप
ताई, तुमच्या गेटचं ते लोखंड म्हणजे साधं एमएस, माइल्ड स्टील. रॉट आयर्न म्हणजे खरं तर घडीव लोखंड, पण नक्षीदार वळवलं की फॅब्रिकेटर एमएसलाही रॉट आयर्न म्हणतो. इथे विषय वेगळा आहे.

सुगरण_ठाणे
म्हणजे तो आम्हाला फसवतोय का? गेट कधी बसवायचं?

वऱ्हाडी_धाव
भाऊ, कशाला वाड्याच्या मागे लागता? बैलगाडीच्या चाकाची धाव घ्या. आमच्याकडं गावोगाव पडून आहेत, रबरी चाकं आल्यापासून कोणी विचारत नाही. भंगाराच्या भावात दोन पैसे वर दिले की मिळते. दोन इंच रुंद आणि अर्धा इंच जाड पट्टी, एका धावेत वीस किलोच्या आसपास लोखंड. गोवऱ्यांच्या आगीत लाल करून लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी मारायचं, आवळून बसायची. ते लोखंड एक नंबर.

रंकाळा_किनारी
भावा, सगळ्याच धावा तशा नसतात. झिजली की बदलायचे, आणि बदललेली धाव बाजारातल्या एमएस पट्टीची. आजोबांच्या काळातली म्हणून घेतली आणि निघालं साधं पोलाद, असं आमच्या भट्टीवर झालेलं आहे. वय सांगून लोखंड ओळखता येत नाही, तोडून बघावं लागतं.

वऱ्हाडी_धाव
आमच्याकडच्या जुन्याच असतात.

रंकाळा_किनारी
बरं.

धगधग_पुणे
अहो मी भाव विचारला होता. असो. अडकित्ते करतो. दोन्ही पाती भट्टीत जोडतो, बाहेरून मऊ लोखंड आणि धारेला कडक पोलाद. पॉलिश करून फेरिक क्लोराईडमध्ये बुडवल्यावर घडीव लोखंडाच्या रेषा उमटतात, गिऱ्हाइकाला तेच हवंय. गज साधारण 60 किलो. काही 16 मिमी गोल, काही 20 मिमी चौकोनी. उक्तं घ्यायचं, निवडून देत नाही. वाडा शनिवार पेठेतला.

पेठकर
शनिवार पेठ म्हटल्यावर पहिला प्रश्न: 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा त्या वाड्यात पाणी होतं का? नदीकाठच्या पेठांतले बरेच वाडे त्यानंतर डागडुजी करून उभे राहिले. निम्म्या खिडक्या तेव्हा नव्याने बसवल्या असतील तर त्यातलं लोखंड पेशव्यांचं कसं असेल? पुण्यात विकायला आलेली प्रत्येक वस्तू पेशवेकालीनच असते, हा वेगळा मुद्दा.

आप्पा_वर्कशॉप
पेठकरांचा मुद्दा रास्त. त्यात भर घालतो, जरा लांबेल.

बीड (ओतीव लोखंड) वितळवून, ढवळून, त्यातला कार्बन जाळून घडीव लोखंड करायची पडलिंगची पद्धत हेन्री कोर्टने 1784 ला पेटंट केली, तिच्या आदल्या वर्षी खाचांच्या रोलांतून लोखंड लाटायची. मळी (लोखंड करताना निघणारा कचरा, स्लॅग) लोखंडातच राहायची, आणि ठोकून, लाटून तिचे लांब धागे व्हायचे. तुमच्या रेषा म्हणजे ते धागे. 1856 ला बेसेमरची पद्धत आली. त्यात पोलाद पातळ होऊन ओतलं जातं आणि मळी वर तरंगून वेगळी होते. धागे नाहीत, रेषा नाहीत. पुढच्या काही दशकांत पोलाद स्वस्त होत गेलं आणि गज-पट्ट्यांत घडीव लोखंड मागे पडलं. साखळ्या, आकडे यांत ते विसाव्या शतकातही वापरात होतं. इंग्लंडमध्ये बोल्टनचा शेवटचा कारखाना 1973 ला बंद झाला.

आता तुमचे गज. 16 मिमी गोल गज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा असेल तर तो लाटलेला आहे, हाताने ठोकलेला नाही. म्हणजे पेशवाईतल्या लोहाराचा तर नक्कीच नाही. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून आलेलं लाटीव घडीव लोखंड असू शकतं, किंवा नंतरचं पोलाद. चौकोनी गज कॅलिपरने चार जागी मोजा. जाडी कमीजास्त, कोपरे बसलेले, अंगावर घावांचे चट्टे असतील तर आशा आहे.

खात्रीसाठी: करवतीने निम्म्यापर्यंत खाच पाडा, वाइसमध्ये धरा, थंडच हातोडा मारून खाच उघडेल अशा दिशेला वाकवा. घडीव लोखंड असेल तर उसाचं कांडं मोडल्यावर निघतात तसे लांब दोरे निघतील. पोलाद एकतर मुकाट वाकेल, नाहीतर बारीक दाण्यांनी तुटेल.

ठिणगी_बहाद्दर
एवढा उपद्व्याप कशाला? ग्राइंडरला लावा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, मंद नारिंगी आणि टोकाला फारशा न फुटणाऱ्या. पोलादाच्या झगझगीत आणि फाटे फुटणाऱ्या. दोन सेकंदांत निकाल.

आप्पा_वर्कशॉप
कार्बन जास्त असलेल्या पोलादाशी तुलना केली तर दोन सेकंदांत निकाल, मान्य. कमी कार्बनच्या एमएसशी केली तर नाही. फरक इतका थोडा असतो की विकत घ्यायच्या उत्साहात डोळ्याला हवं ते दिसतं.

ठिणगी_बहाद्दर
वीस वर्षं ग्राइंडर चालवतोय काका. डोळा तयार होतो.

आप्पा_वर्कशॉप
तुमचा झाला असेल. पैसे धागाकर्त्याचे आहेत.

समुद्रमाणूस
मुंबईत दारूखान्याला जा. जहाजं फोडतात, लोखंडाचे डोंगर. पेशव्यांचं काय घेऊन बसलात, नांगराच्या साखळ्या मिळतील.

रंकाळा_किनारी
आज फोडायला येणारी जहाजं गेल्या 30-40 वर्षांतली. पत्रा, साखळ्या सगळं पोलादच. त्यात घडीव लोखंड शोधायचं म्हणजे दिवस फुकट. दारूखान्याला जायचंच तर जुन्या सामानाच्या दुकानांत हातघडणीच्या साखळ्या विचारा, ज्यांच्या प्रत्येक कडीला जोड दिसतो. त्यावरही परीक्षा केल्याशिवाय पैसे देऊ नका.

रविवारची_फेरी
मुंबईत जुन्या चाळी पाडतात तिथले गर्डर? त्यावर इंग्लंडच्या कंपनीचं नाव असतं. ते तर ब्रिटिशकालीनच.

आप्पा_वर्कशॉप
ब्रिटिशकालीन आहेत, पण डॉर्मन लाँग वगैरे नावाचे गर्डर बहुतेक पोलादाचे. गॅलरीचे नक्षीदार कठडे बरेचदा बिडाचे, ते तर भट्टीत घालूच नका. तापवून घाव घातला की तुकडे होतात.

कायदेबाज
कोणी रेल्वेचे जुने रूळ, फिशप्लेट, खिळे सुचवायच्या आत सांगतो: कागद नसेल तर हात लावू नका. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा यासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि माल रीतसर मिळाला हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. लिलावात घेतलेल्याची पावती हवी. वाड्याचंही लिहून घ्या, पाडकाम करणाऱ्याचं नाव, तारीख. रात्रीत उचललेल्या खिडक्या विकणारेही आहेत.

इतिहासवेडा
घडीव लोखंडाचा विषय निघालाच आहे तर दिल्लीचा लोहस्तंभ! गुप्तकाळातला, सहा टनांहून जास्त वजन, आणि गंज नाही. आपल्या पूर्वजांपुढे आजचे कारखाने काहीच नाहीत.

रंकाळा_किनारी
गंज अजिबात नाही असं नाही. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे वर संरक्षक थर धरला. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी त्यावर बरंच काम केलंय. आणि तोच फॉस्फरस जास्त झाला तर लोखंड थंडपणी ठिसूळ होतं, तेव्हा अडकित्त्याला फार उपयोग नाही. वेगळा धागा काढा ना, मजा येईल.

धगधग_पुणे
लोहस्तंभ विकत मिळत असेल तर भाव सांगा. नाहीतर प्लीज माझ्या गजांवर या.

आप्पा_वर्कशॉप
येतो. पाडकामवाल्याने हे गज भंगाराच्या भावानेच उचलले असणार. चौकटीसकट, दारासकट पूर्ण खिडकी असेल तर रिसॉर्टवाले आणि कॅफेवाले नगावर पैसे देतात, किलोवर नाही. सुट्या गजांना ते गिऱ्हाईक नाही. तुम्ही 'घडीव' हा शब्द उच्चारलात तेव्हाच भाव वाढला असेल, खरं की नाही?

वजन तुम्ही स्वतः काढा. गोल गजाला व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे 16 मिमीला मीटरमागे 1.58 किलो. चौकोनी 20 मिमीला मीटरमागे 3.14 किलो. टेप लावून लांबी मोजा. त्याच्या काट्यावर गंज, रंग आणि लाकडात रुतलेले खिळेही लोखंडाच्या भावाने येतात.

मग घट धरा. चौकटीत रुतलेली टोकं गंजून सडलेली असतात, ती कापून टाकायची. भट्टीत पापुद्रे जळतात. जे फाटेल ते दुमडून पुन्हा जोडायचं, त्यात आणखी जळतं. 60 किलो घेतलेत तर 60 किलोचे अडकित्ते होत नाहीत. परीक्षेत पास झालेल्या मालाला मी 100 ते 130 देईन. न तपासलेल्याला भंगाराच्या वर दहा रुपये.

रंकाळा_किनारी
भावाबाबत आप्पांशी असहमत. तुटक्या गजात दोरे दिसले तर 220 सुद्धा महाग नाही. विलायतेत जुनं लोखंड पुन्हा लाटून विकतात, ते इथे आणायचं म्हटलं तर कितीतरी पट पडेल. एका अडकित्त्याला अर्धा किलोही लागत नाही. शंभरेक रुपयांच्या लोखंडासाठी घासाघीस करून चांगला माल घालवायचा?

आप्पा_वर्कशॉप
अर्धा किलो लागतो, पण घ्यायला लागतायत 60. त्यातले गोल पोलादाचे निघाले तर ती रक्कम चौकोनीवर चढणार. शिवाय एमएस वापरलं तरी अडकित्ता तितकाच चालतो, सुपारी तशीच फुटते. हे पैसे निव्वळ रेषांचे आहेत, हे डोक्यात ठेवून बोली करा.

सुगरण_ठाणे
अडकित्ता विकत मिळेल का? आईला हवाय. हलका हवा, तिचा हात दुखतो.

रंकाळा_किनारी
धगधग, काम करताना एक लक्षात ठेवा. हे लोखंड पिवळ्या-पांढऱ्या तावावरच ठोका. लाल झालं की हातोडा थांबवायचा, नाहीतर धाग्याच्या रेषेत उभं फाटतं. जोड मात्र छान बसतो, आतली मळी थोडं फ्लक्सचं, म्हणजे जोड स्वच्छ ठेवणाऱ्या पुडीचं काम करते. धारेच्या पोलादासाठी टाकणखार लागेलच.

आप्पा_वर्कशॉप
आणि गजावरचा रंग खरवडताना खाली शेंदरी थर दिसला तर शिसं समजा. कोरडं घासू नका, तसंच भट्टीतही टाकू नका. ओलं करून खरवडा, मास्क लावा, पोरं आसपास नकोत.

धगधग_पुणे
अपडेट. माणसाला म्हटलं एक गोल, एक चौकोनी, दोन्ही तुझ्याच भावाने रोख घेतो, बाकीचं नंतर बोलू. कुरकुरत दिले. चौकोनी वाकवला तर लांब दोरे सुटले, करड्या रंगाचे, सोलून निघतील इतके. गोल मुकाट वाकला, एक दोरा नाही. तपकीर गल्लीतून फेरिक क्लोराईड आणून दोन्ही तुकडे बुडवले. चौकोनीवर रेषा, गोल सपाट राखाडी.

दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले. आधी म्हणाला तुम्ही बदलून आणलेत. मग म्हणाला उक्तंच घ्या, 150 नं. शेवटी चौकोनी 140 नं माझे, गोल त्याचे. चौकोनी भरले 23 किलो, टेपने मोजून आलेला आकडा 21 होता, वरच्या दोन किलोवर भांडण झालं आणि ते मी दिले. 'दुसरं गिऱ्हाईक' काही दिसलं नाही.

रंकाळा_किनारी
नाद खुळा. धारेला काय लावणार?

धगधग_पुणे
जुन्या बेअरिंगची रिंग, ईएन 31.

आप्पा_वर्कशॉप
दोघांचे ताव वेगळे आहेत, बघा. घडीव लोखंडाला हवा तो पांढरा ताव बेअरिंगच्या पोलादाला सोसत नाही, भुरभुरतं. आधी घडीवची पट्टी मोठ्या तावावर ठोकून घट्ट करून घ्या, मग त्याहून खालच्या तावावर जोड मारा. आणि रिंग तेलकट असते, नीट घासून घ्या.

वऱ्हाडी_धाव
140 मध्ये माझ्याकडची धाव घरपोच आली असती.

ठिणगी_बहाद्दर
गोल गजाचा तुकडा उरलाय का? ठिणग्यांचा व्हिडिओ टाका, मी न बघता सांगतो.

पेठकर
न बघता?