प्रतिसाद: ड्रेन्तेची वाळू आणि पीट

या विषयावरच्या चर्चेत नेदरलँड्समधल्या ड्रेन्ते प्रांताच्या जुन्या गरिबीचे कारण शेतकऱ्यांची अनास्था असे सांगितले गेले आहे. मला मात्र ते मुख्यतः जमिनीत दिसते. समुद्राला न लागणाऱ्या या प्रांताची माती बहुतांशी वाळूची, आणि तिच्या कडेने पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) दलदल. म्हणूनच गावकरी मेंढ्यांना माळावर चारून त्यांचे खत गवताच्या ढेकळांसोबत शेतात घालत; शतकानुशतके हे चालल्याने गावाशेजारची शेते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच झाली. माळ आणि कुरणे सामाईक असल्याने निर्णयही सामाईक होत.

पीट हे जळण म्हणून खोदून कालव्यांतून बाहेर गेले आणि खालच्या जमिनीवर स्टार्चसाठी बटाटा आला. खोदणाऱ्या मजुरांची अवस्था मात्र अत्यंत हलाखीची होती. 1818 मध्ये डच लष्करी अधिकारी योहानेस फान डेन बोश यांनी याच प्रांतातल्या फ्रेडरिक्सओर्ड येथे शहरी गरिबांसाठी शेतीवसाहत सुरू केली. पुढे इथल्याच फेनहाउझेनच्या वसाहतीत भिकारी आणि अनाथ मुले ठेवली गेली, तेव्हा दानधर्म आणि कैद यांतली रेषा पुसट झाली. (हेच गृहस्थ 1830 मध्ये डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावर सक्तीच्या पिकांची पद्धत (शेतकऱ्यांना सरकारसाठी निर्यातीची पिके घ्यायला लावणारी) आणतात, हा योगायोग वाटत नाही.) या वसाहती 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

जाता जाता : नेदरलँड्समधल्या 54 प्रचंड दगडांनी बांधलेल्या प्रागैतिहासिक थडग्यांपैकी 52 याच प्रांतात आहेत, म्हणजे वस्ती इथे नवी मुळीच नाही.