सुई बदलल्याशिवाय ७८ची तबकडी लावू नये
जुन्या धाटणीच्या नव्या टर्नटेबलवर (तबकड्या वाजवण्याच्या यंत्रावर) मिनिटाला ७८ फेऱ्यांची सोय असली की आजोबांच्या तबकड्या निर्धास्त लावाव्यात, असे एक मत ऐकू येते; ते मला अर्धेच पटते. गती जुळली तरी सुई जुळत नाही. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची, सुई साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची असते, तर ७८च्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तिथला कचराच ऐकवते. फोंड्याच्या आमच्या घरातील नाट्यगीतांच्या लाखेच्या तबकड्या मी आधी तशाच लावल्या, तेव्हा खरखरीपलीकडे फारसे काही ऐकू आले नाही. जाड सुई बसवल्यावर मात्र ऑर्गनचा स्वर स्वच्छ उमटला आणि आई स्वयंपाकघरातून उठून ऐकायला आली.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या तबकड्यांवर बुरशी चढते. ती स्पिरिटने मुळीच पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते.