हॅलोविनला लेकीला पाठवू का?

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): लेक सात वर्षांची. चेटकीण होऊन दारोदार चॉकलेटं मागायची म्हणते. सासूबाई फोनवर कडाडल्या, "भुताचं सोंग, वर भीक?"

उत्तर: खुशाल पाठवा. २०२४ ला आमचं लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आलं. पोरगा सांगाड्याच्या कपड्यांतच आरतीला उभा, कानामागे सकाळचं उटणं तसंच. दारात पणतीशेजारी कोरलेला भोपळा. (त्याच्या गराचे घारगे करू नका, पाणचट होतात.)

उत्तर: आम्हाला भुतांची नाही, शेंगदाण्याची भीती. मुलाला अ‍ॅलर्जी आहे. दारात निळसर-हिरवा भोपळा असेल तिथे खेळणी देतात, तिथेच नेतो.

उत्तर: कोकणात शिमग्याला संकासुराचं सोंग दारी येतं, पोस्त (शिमग्याची खुशी) मागतात. ती भीक का?

प्रश्नकर्ती: सासूबाई चिपळूणच्याच! आत्ताच फोन लावते.