मोरोजोसारखा केप शिवायचाय, मदत हवी आहे

मंडळी, लॉस एंजेलिसच्या सायन्स फिक्शन क्लबातल्या अगदी सुरुवातीच्या मेंबर मर्टल डग्लस, म्हणजे मोरोजो, यांच्यावर कॉलेजात बोलायचंय. 1939 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन (सायन्स फिक्शन चाहत्यांचं जागतिक संमेलन) झालं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा चाहता हिरवा केप घालून फिरला आणि फोटोत नाव त्याचंच गाजलं, पण तो ड्रेस आणि स्वतःचा पण मोरोजो यांनीच शिवलेला, आज ज्याला आपण कॉस्प्ले (गोष्टीतल्या पात्रांसारखा पोशाख करणं) म्हणतो त्याची सुरुवात इथली, याचं मला फार वाटतं. मोरोजो हे नाव पण एस्पेरांतो या कृत्रिम भाषेतल्या त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलंय! तर बोलताना तसा केप घालायचाय, साटिन आणलं पण खांद्यावरून सारखं घसरतं आणि कडेचे धागे सुटतायत. अस्तर कुठलं लावू? शिवणकाम येणाऱ्यांनी प्लीज सांगा, शनिवारी कार्यक्रम आहे.