घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडता येते का? – सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. काल पहाटे शेजारच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घरफोडीचा प्रयत्न झाला. डक्टमधल्या पाइपवरून चढून बाथरूमच्या खिडकीच्या काचा काढल्या. घरातले जागे झाले, तसा चोर आला त्याच वाटेने पळाला. कुणालाही इजा नाही. डक्टकडच्या खिडक्यांना ज्यांनी अजून ग्रिल लावलेलं नाही त्यांनी या आठवड्यात लावून घ्या.

नाना (सी-७०२): पळाला कसा? माझ्याकडे शिरला असता तर पळाला नसता. लायसनची बारा बोअर बंदूक आहे, गावच्या शेतीपासूनची. घरात शिरलेल्या चोराला गोळी घातली तर कायदा कुणाला काही करत नाही.

सी-४०१: नाना, एकदम बरोबर. दोन-चार जणांना असा प्रसाद मिळाला की कुणी आपल्या गल्लीत फिरकणार नाही.

मंदार (ए-११०३, सध्या ह्यूस्टन): इथे टेक्सासमध्ये तर रात्री चोरी करून माल घेऊन पळणाऱ्यावरही काही अटींवर गोळी झाडता येते. २००७ साली पासाडेनामध्ये एकाने शेजाऱ्याच्या घरातून बाहेर पडलेल्या दोघांना गोळ्या घातल्या. ९११ वाला (इथला इमर्जन्सी नंबर) फोनवर त्याला बाहेर जाऊ नका म्हणून सांगत होता, तरी हा गेला. पुढच्या वर्षी ग्रँड ज्युरीने (खटला चालवायचा की नाही ते ठरवणारे नागरिक) त्याच्यावर खटलाच उभा राहू दिला नाही.

सी-४०१: याला म्हणतात कायदा.

वकीलताई (बी-३०३): दिवसभर कोर्टात होते, आत्ता वाचलं. नाना, वयाने आणि मानाने तुम्ही मोठे, पण कायदा काही करत नाही हे वाक्य ग्रुपवर तसंच राहू देणं मला बरं वाटत नाही. जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

आपल्याकडे याला खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, ही कलमं ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. हक्क खरा आहे आणि चांगला भक्कम आहे. चोर आला तर पळून जा, असं आपला कायदा सांगत नाही. सुप्रीम कोर्टाने अनेक निकालांत म्हटलंय की हल्ला होत असताना नागरिकाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. अंगावर आलेल्या माणसाला मारलेला फटका नंतर सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, हेही कोर्टानेच म्हटलंय.

आता मुद्दा जीव घेण्याचा. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा नाही, असं फक्त चार बाबतींत होतं. जबरी चोरी. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी. राहत्या घराला आग लावणं किंवा तिथे स्फोटक वापरणं. आणि चौथी, साधी चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं, पण परिस्थिती अशी हवी की आत्ता अडवलं नाही तर कुणाचा जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. हे कलम ४१. कालचा माणूस रात्री पाइपवरून चढून खिडकीतून शिरत होता, म्हणजे दुसऱ्या प्रकारात बसतो. तिथे नाना बरोबर आहेत.

पण त्याच कलमात लिहिलंय की हे सगळं कलम ३७ च्या मर्यादेत. आणि ३७ म्हणतं, बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आरडाओरडा केल्यावर जो खिडकीकडे पळतोय, ज्याच्या हातात काही नाही, ज्याची पाठ तुमच्याकडे आहे, त्याला छऱ्यांनी भाजून काढणं बचावासाठी लागत होतं का? हा प्रश्न कोर्ट विचारणारच. पोस्टमॉर्टेमच्या अहवालात जखम कुठून कुठे गेली ते लिहिलेलं असतं. छरे पाठीत असले तर ‘तो माझ्या अंगावर आला होता’ हे सांगणं फार अवघड जातं.

नाना: म्हणजे मी आधी त्याला तोंड इकडे कर म्हणायचं का?

वकीलताई: नाही नाना. तो अंगावर येतोय, हातात कोयता आहे, घरात नातवंडं झोपलीयेत, तर तुम्ही थांबावं असं कुणीही म्हणणार नाही, मी तर नाहीच. म्हणायचंय एवढंच की धोका आहे तोवर हक्क आहे. धोका टळला की त्याच क्षणी हक्क संपतो. जयदेव विरुद्ध पंजाब सरकार या सुप्रीम कोर्टाच्या १९६२ च्या निकालात हे स्पष्ट आहे. भांडण शेतजमिनीवरून होतं, समोरचे पळत सुटले होते, तरी गोळी चालवली. तिथे बचाव टिकला नाही.

आणि मर्यादा ओलांडली तर सुटका नाही. मनात सूड नव्हता, बचावाच्या भरात जास्त झालं, असं कोर्टाला पटलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून हलका गुन्हा, धरतात. त्याचीही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

मंदार: पण ताई, घर माझं, तो न विचारता आत आला. मग त्याला कसले हक्क?

वकीलताई: यावर कोर्टाने नेमकं बोललेलं आहे. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार सरकार, १९६३ चा निकाल. शेजारच्या घरातल्या बाईच्या संडासाची भिंत पडली होती, म्हणून ती याच्या संडासात जायची. याने सांगून पाहिलं, ती ऐकेना. मग याने वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तीत वीज सोडली. एके दिवशी ती बाहेर पडताना तिचा हात तारेला लागला आणि ती गेली. याचं म्हणणं तुझ्यासारखंच होतं, जागा माझी, ती घुसखोर. सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. परवानगीशिवाय आला म्हणून माणूस कायद्याच्या बाहेर जात नाही, आणि त्याला इजा व्हावी म्हणून मुद्दाम सापळा लावता येत नाही.

हे लिहायचं आणखी एक कारण आहे. काल लिफ्टमध्ये कुणीतरी ग्रिलला करंट सोडायच्या गोष्टी करत होतं. कृपा करून ते डोक्यातून काढून टाका. ग्रिलला हात चोराचाच लागेल असं नाही, खिडक्या पुसणाऱ्या मावशींचाही लागेल.

सी-४०१: ते मीच बोललो होतो. चुकलं. नाही करणार.

बी-१०४: ताई, चोर हाती लागला तर? आमच्या गावाकडे खांबाला बांधून चांगला चोपतात.

वकीलताई: पकडता येतो. दखलपात्र आणि बिनजामिनी, म्हणजे गंभीर, गुन्हा डोळ्यांसमोर घडला तर साधा नागरिकही अटक करू शकतो. पण विनाविलंब पोलिसांच्या ताब्यात द्यायचा, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सहा तासांची कमाल मुदतही घातली आहे. माल घेऊन पळत असेल तर पाठलाग करून माल सोडवायचाही हक्क आहे, जीव घेण्याचा नाही. आणि एकदा हात बांधले की पुढची प्रत्येक थप्पड हा तुमचा गुन्हा. तो मेला तर त्या घोळक्यातला प्रत्येक जण आरोपी. अशा केसमध्ये कॉलेजला जाणारी, पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेली पोरं मी आरोपीच्या पिंजऱ्यात बघितली आहेत.

नाना: समजा माझं सगळं नियमात बसलं. तरी गुन्हा दाखल होणारच का?

वकीलताई: माणूस गेलाय म्हटल्यावर तपास होणारच. बंदूक जप्त, पंचनामा, जबाब, बहुतेक वेळा अटकही. बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं. पण ते कोर्टात दिसेपर्यंत वर्षं जातात. निर्दोष सुटलेल्या माणसाची ती वर्षं कुणी परत देत नाही.

मंदार: ताई, तुमचं वाचून मला इथलं दुसरं प्रकरण आठवलं. १९९२, लुइझियानातलं बॅटन रूज. योशिहिरो हातोरी नावाचा सोळा वर्षांचा जपानी मुलगा, शिकायला आलेला. हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घराची बेल वाजवली. घरमालक मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन दारात आला, ‘फ्रीझ’ म्हणाला. पोराला ते कळलंच नाही, तो पुढे येत राहिला. एक गोळी, छातीत. ज्युरीने घरमालकाला सोडलं, पण पुढे दिवाणी कोर्टाने मुलाच्या आईवडिलांना साडेसहा लाख डॉलर्सहून जास्त भरपाई मंजूर केली. मघाशी मी पासाडेनाचं जोरात लिहिलं, ते नको होतं लिहायला.

शिल्पा (सी-६०२): हे वाचल्यावर मला गप्प बसवत नाही. नाना, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. दिवाळीनंतर तुम्ही गावी होतात तेव्हाची गोष्ट. आमच्या अप्पांचं विसरण्याचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. एका रात्री अडीचला त्यांनी दार उघडलं, लिफ्टने सातव्यावर गेले आणि तुमचं दार आपलं समजून किल्ली घालून फिरवत बसले. उघडेना म्हणून खांद्याने ढकलत होते. मी धावत वर गेले तेव्हा उजव्या हाताला किल्लीचे वळ उठले होते, आणि मला म्हणाले, “शिल्पे, आतून कडी कुणी लावली? तुझी आई घाबरेल.” आई जाऊन चार वर्षं झालीत.

त्या रात्री तुम्ही आत असता तर तुम्हाला काय ऐकू आलं असतं? कुलपात खडखड आणि दारावर खांद्याचे धक्के. तुम्ही घाबरला असतात तर तुमची चूक नव्हती नाना. पण दाराबाहेर माझे अप्पा होते.

(बराच वेळ कुणाचाच मेसेज नाही.)

नाना: शिल्पा, हे मला आधी का नाही सांगितलंस ग? मी आणि अप्पा अठरा वर्षं रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसतोय.

शिल्पा: लाज वाटली. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला सांभाळता येत नाही.

सी-४०१: ताई, असं बोलू नका. आमच्या आजीचंही असंच होतं.

नाना: वकीलताई, तुमचं सगळं वाचलं. एक सांगतो. दार फोडून कुणी आत आला आणि घरच्यांच्या जिवावर उठला तर मी हात बांधून बसणार नाही.

वकीलताई: बसू नका. कायदाही बसा म्हणत नाही. फक्त क्रम ठरवून ठेवा. खडखड ऐकली की आधी लाइट लावा आणि मोठ्याने विचारा कोण आहे. पीपहोलमधून बघा. ११२ लावा, मग इंटरकॉमवर वॉचमनला. घरातल्यांना एका खोलीत घेऊन आतून कडी लावा. दार बंद असताना दाराच्या आरपार गोळी कधीच नाही. समोर कोण आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये.

नाना: बंदूक निवडणुकीत पोलीस स्टेशनला जमा केली होती, परत मिळाल्यापासून कपाटातच आहे. काडतुसं उशाच्या ड्रॉवरमध्ये असतात, ती उद्या तिथून काढतो. आणि सेक्रेटरी, लिफ्टबाहेर मजल्याचा आकडा लिहिलेला आहे तो पार पुसट झालाय. सहाव्या-सातव्याचं मलाही कळत नाही. मोठा आकडा रंगवून घ्या, खर्च माझा.

सेक्रेटरी: शनिवारी पेंटरला बोलावतो. खर्च सोसायटीचा. डक्टच्या ग्रिलसाठी रविवारी सकाळी फॅब्रिकेटर येतोय, नावं द्या.

शिल्पा: थँक्यू नाना. आमच्या दाराला वरून एक कडी लावतेय, अप्पांचा हात पोचणार नाही अशी. तरी कधी कुणाच्या दाराशी ते दिसले तर ओरडू नका, ते घाबरून आणखी जोरात ढकलतात. “अप्पा, चहा टाकलाय” म्हणा, लगेच वळतात. आणि मला फोन करा. कितीही वाजलेले असोत.