कोविडची नवी लस आणि मनातली धास्ती: तुमचे अनुभव सांगा

१६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं, तेव्हा ‘लस इतक्या लवकर तयार झालीच कशी?’ हा प्रश्न शिकल्यासवरल्या घरांतही होता. तुमच्या घरात, पाड्यावर, सोसायटीत काय घडलं? कुणाचं मन कशाने वळलं, कुणाचं वळलंच नाही? मोकळेपणाने लिहा. घाबरलेल्यांना कृपया अडाणी म्हणू नका.

आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा:
सुई घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, बायांना मूल होत नाही, अशी बोलवा उठली होती. मला बघून लोक दार ओढून शेतात निघून जायचे. ज्यांच्या सुनांना मी रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी नेलं, त्या सासवासुद्धा! समजावून काही उपयोग होईना. मग माझा दुसरा डोस मी पाड्यावरच्या शिबिरात सगळ्यांदेखत घेतला. एक आजी म्हणाली, “चार दिवस बघते तुला.” रोज येऊन माझा दंड चाचपून जायची. मला कणकण होती, तीही तिने पाहिली. पुढच्या शिबिराला ती आली. तिची सून काही आली नाही.

सातारा:
माझ्या थोरल्या भावाने शेवटपर्यंत घेतली नाही. कारणही सांगितलं नाही.

पुणे:
३ जानेवारीला कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, पण माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष यायचे होते. बाबांना मधुमेह, तरी ते म्हणाले, “आकडे येऊ देत.” ३ मार्चला ८१ टक्के परिणामकारकतेचा अंतरिम निष्कर्ष आला, मग त्यांनी घेतली. त्यांची शंका रास्तच होती, असं मला आजही वाटतं.

परिचारिका, सोलापूर:
कोविशील्डने रक्ताच्या गाठी होतात का, असं लोक विचारायचे. आमचे डॉक्टर सांगत, “होतात, पण फार क्वचित. धाप लागली, पाय सुजला, डोकं असह्य दुखलं, तर लगेच या.” मे महिन्यात केंद्राच्या समितीनेही १० लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाण सांगितलं. हे ऐकून उठून गेलेलं मला कुणी आठवत नाही. उलट “काहीसुद्धा होत नाही” म्हणून टोचलेल्या एका हमालाला सणकून ताप भरला, आणि त्याची अख्खी गल्ली यायची थांबली. त्यानंतर आम्ही आधीच सांगायला लागलो: ताप येईल, पॅरासिटामॉल जवळ ठेवा, उद्याचा खाडा धरून चला. खाड्याचं ऐकून रोजंदारीवाले सुट्टीच्या आदल्या दिवशी यायला लागले.