यीस्टपासून बनलेल्या सर्फॅक्टंटला (तेल-मळ सोडवणाऱ्या पदार्थाला) फेसच येत नाही. भांड्यांच्या लिक्विडमध्ये चालेल का?

फेनवेडी:
मी घरापुरतं साबण आणि भांड्यांचं लिक्विड बनवते. सल्फेट (साबण-लिक्विडमधला नेहमीचा फेसाळ सर्फॅक्टंट) टाळायचं म्हणून सोफोरोलिपिडचं, म्हणजे यीस्ट बनवतं त्या सर्फॅक्टंटचं, सॅम्पल मागवलं. तपकिरी, मधासारखं घट्ट आणि किंचित आंबूस वासाचं आहे. पाण्यात घालून हलवलं तर नावाला चार बुडबुडे येतात आणि लगेच बसतात. सॅम्पल खराब आहे की हे असंच असतं? कोल्ड प्रोसेस साबणात (तेल आणि कॉस्टिक न शिजवता मिसळून केलेल्या) घातलं तर चालेल का? हे जंतूंना मारतं असंही वाचलं, मग प्रिझर्व्हेटिव्ह वगळता येईल का? आणि यीस्टच बनवतं म्हटल्यावर ब्रेडच्या यीस्टपासून घरी का बनत नाही?

किण्वक:
@फेनवेडी, किण्वनाच्या प्लांटमध्ये माझं रोजचं काम याच पदार्थाचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सॅम्पल बहुतेक ठणठणीत आहे. सोफोरोलिपिडला फेस कमीच येतो. फेस बघू नका, तेल बघा. पसरट ताटात पाणी घ्या, त्यावर खाद्यतेलाचा पातळ तवंग पसरू द्या आणि तुमचं द्रावण पाण्यात थोडं पातळ करून त्याचा एक थेंब मधोमध सोडा. तेल झपकन कडेला सरकून मधे स्वच्छ गोल उघडला तर माल कामाचा. आमच्याकडे त्याहून सोपी तपासणी करतात. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्टीवर साध्या पाण्याचा थेंब मण्यासारखा गोल बसतो, सोफोरोलिपिड असलेला थेंब मात्र टेकताक्षणी चपटा होऊन पसरतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल धरून ठेवणारी पृष्ठभागावरची ओढ, 72 मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो. तो 35 च्या जवळपास आणायला लिटरमागे मिलीग्रॅममध्ये मोजण्याएवढंच सोफोरोलिपिड पुरतं. कपबशा धुण्याच्या मशीनला फेस नकोच असतो, तिथे तर हा गुणच.

आता ते बनतं कसं. स्टारमेरेला बॉम्बिकोला हे यीस्ट निसर्गात भुंग्यांच्या मधात आणि फुलांच्या मकरंदात सापडतं. अशा ग्लायकोलिपिडचं (साखर आणि मेद जोडलेल्या रेणूचं) पहिलं वर्णन 1961 मध्ये गोरिन, स्पेन्सर आणि टुलॉक यांनी केलं, तेव्हा यीस्टचं नाव टोरुलोप्सिस असं लावलं होतं. साखर आणि तेल दोन्ही मुबलक दिलं आणि नायट्रोजन संपू दिला की पेशींची वाढ थांबते आणि जादा कार्बन या रूपात बाहेर पडतो. एका टोकाला दोन ग्लुकोज जोडून झालेला सोफोरोज, दुसऱ्या टोकाला साधारण 16 ते 18 कार्बनचं मेदाम्ल. उपासमार झाली की हेच यीस्ट तो साठा परत खातं! आमचं ढवळणं थांबवलं की टाकीच्या तळाशी तपकिरी चिकट थर बसतो. पाणी वरून काढून घेतलं की माल खाली तयार. माल इतक्या सहज वेगळा होताना दुसऱ्या कुठल्या किण्वनात मी पाहिलेला नाही, आणि उत्पादन लिटरमागे 300 ग्रॅमच्या वरही नेता येतो.

ब्रेडच्या यीस्टकडे यासाठी लागणारी जनुकंच नाहीत. मूळ यीस्ट मिळालं तरी त्याला आठ-दहा दिवस सतत भरपूर हवा आणि पूर्ण निर्जंतुक टाकी लागते. घरी नका करू.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पीएचचा, म्हणजे द्रावण किती आम्ल की अल्कली याचा. रेणूची दोन रूपं असतात. लॅक्टोन रूपात साखर आणि मेदाम्ल वळून एकमेकांना जोडलेले असतात, ते पाण्यात कमी विरघळतं पण जंतूंवर जास्त चालतं. उघडं आम्ल रूप पाण्यात सहज मिसळतं आणि त्यालाच थोडाफार फेस येतो. अल्कलीत लॅक्टोनची ती गाठ सुटते. कोल्ड प्रोसेसमध्ये कॉस्टिक असतो, तयार साबणाचा पीएचही 9-10, म्हणजे लॅक्टोनसाठी दिलेले पैसे वाया. ते लिक्विडमध्येच वापरा आणि पीएच 6-7 च्या दरम्यान ठेवा.

प्रिझर्व्हेटिव्ह मात्र वगळू नका. जंतूंचे पेशीच्या आवरणावरून ग्राम-पॉझिटिव्ह आणि ग्राम-निगेटिव्ह असे दोन गट पडतात. याचा मारा मुख्यतः ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंवर, त्यात मुरमांशी संबंधित जंतूही येतात. पाणीदार मालात वाढणारे स्यूडोमोनाससारखे ग्राम-निगेटिव्ह जंतू याला फारसे भीत नाहीत.

लेपकार:
किण्वकांनी सगळं लिहिलंच आहे. त्वचेसाठी हवं असेल तर यीस्टचंच दुसरं सर्फॅक्टंट आहे, मॅनोसिलएरिथ्रिटॉल लिपिड, म्हणजे एमईएल. कोरड्या त्वचेत ओलावा धरायला सेरामाइडसारखं (त्वचेतल्या नैसर्गिक मेदासारखं) काम करतं, जपानमध्ये क्रीममध्ये वापरतात. भांड्यांसाठी निरुपयोगी, पाण्यात नीट विरघळतच नाही.

फेनवेडी:
दोघांचे मनापासून आभार. तेलाची तपासणी केली, गोल चांगला हातभर उघडला! आता घरच्यांना फेस हवाच आहे, त्यांच्यासाठी डेसिल ग्लुकोसाइड (फेस देणारं, सल्फेट नसलेलं सर्फॅक्टंट) मिसळू का?

किण्वक:
जरूर मिसळा, जोडी छान जमते. फक्त क्रम सांभाळा. डेसिल ग्लुकोसाइड बाटलीतून येतं तेव्हाच चांगलं अल्कलाइन असतं, पीएच 11 च्या वर. आधी ते पाण्यात घ्या, सायट्रिक अ‍ॅसिडने 6.5 पर्यंत आणा, पीएच पट्टीने तपासा, मगच सोफोरोलिपिड घाला. उलट केलंत तर लॅक्टोन त्या अल्कलीत सापडतं. शेवटी प्रिझर्व्हेटिव्ह. मिश्रण थोडं धूसर दिसलं तर घाबरू नका, लॅक्टोन जास्त असलं की तसं होतं. वापरण्यापूर्वी बाटली हलवा.